मागची खोली, दहा बाय दहा

आमचा फ्लॅट यवतमाळात, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारातच होता. कापसाची वर्षं वाईट चालली, तेव्हा जिनिंगच्या मालकांनी, शेठनी, मागची मोकळी जागा काढून तिथे तीन मजली इमारत उभी केली. बाबा त्यांच्याकडेच काट्यावर होते, बावीस वर्षं. शेतकऱ्यांचा कापूस मोजायचा आणि पावतीवर वजन लिहायचं, हे त्यांचं काम. हंगाम आता दोन-अडीच महिन्यांत आटपायचा, म्हणून आईने शिवणकाम वाढवायचं ठरवलं होतं. नव्या घरातली मागची खोली तिची. दोन मशिनी आणि कापड कापायचं मोठं टेबल. रंगीत नकाशात ती खोली दहा बाय दहा होती.

करारनामा इंग्रजीत होता. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच, म्हणून शेठच्या ऑफिसात बाबांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. मी कुठेही न अडखळता वाचला. ‘सुपर बिल्ट-अप’ हा शब्द तीनदा आला. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, पण विचारायचं तर स्वतःहून बोलावं लागलं असतं आणि समोर पाच माणसं बसली होती.

“बराबर हाये ना, बेटा?” बाबांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी फरशी पाहायला म्हणून किल्ली मिळाली. आई मागच्या खोलीच्या दारातच थांबली. ती बाईकडे नुसतं पाहून ब्लाउजचं माप सांगते, आणि ते सहसा चुकत नाही.

“हे दहा नाई,” ती म्हणाली.

“असं कसं? नकाशात हाये नं,” बाबा म्हणाले.

“नकाशात असन. टेप धर वं पोरी.”

शिवणाचा टेप साठ इंचांचा. खडूची खूण करायची, टेप सरकवायचा, पुन्हा खूण. एकीकडून आठ फूट दोन इंच भरले, दुसरीकडून सात फूट दहा. मग आम्ही सगळं घरच मोजून काढलं. करारात सहाशे चाळीस चौरस फूट होते. माझ्या वहीच्या पानावर चारशे सत्तरच्या पुढे आकडा जाईना. बाबांनी मला बेरीज पुन्हा करायला लावली.

“आता टेबल कुठं ठेवू? डोक्शावर?” आई म्हणाली.

“सैपाकघरात ठेव. भाजी कापजो त्याच्यावर,” बाबा म्हणाले. हसलं कोणीच नाही, तेसुद्धा नाहीत.

दुपारी आम्ही तिघं शेठकडे गेलो. ते चिडले नाहीत. त्यांनी चहा सांगितला, माझं पान शांतपणे वाचलं आणि परत दिलं.

“भाऊ, हे तं भिंतीच्या आतलं माप झालं. जिना, गॅलरी, टाकी, भिंती, सबका हिस्सा लगता है. करारात लिवलंच हाये, सुपर बिल्ट-अप म्हणून. तुमच्या पोरीनंच वाचलं नं इथं बसून?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या सायीकडे पाहत राहिले.

“शेठ, खोली तं दहाची दाखवली होती,” बाबा म्हणाले. “ते काई जिन्यात नाई गेली.”

“भाऊ, तुम्ही काट्यावरचे माणूस. क्विंटलमागं दोन किलोची कट्टी तुम्हीच कापता नं, ओल म्हणून? कोरडा कापूस असला तरी कापता. कास्तकार काही म्हणत नाई का?”

“म्हणते नं.”

“मंग तुम्ही काय सांगता?”

बाबांनी कप उचलला. ते उत्तर मला ठाऊक होतं. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेले की मी काट्यापाशी रेंगाळत असे. कोणी ना कोणी म्हणायचंच, “अजी, खडखडीत वाळला हाये कापूस, कट्टी कायची?” बाबा पावतीवरून मान वर न करता सांगायचे, “रिवाज हाये बापा. नसन पटत तं गाडी वापस ने.” गाडी कोणीच परत नेत नसे. बैल दमलेले असत आणि मागे रांग लागलेली असे.

“नसन पटत तं सोडा,” शेठ म्हणाले. “दुसरं गिऱ्हाईक भेटलं का तुमचे पैसे वापस. कधी भेटन, ते मी नाई सांगू शकत.”

आधीच भरलेल्या त्या पैशांत बाबांचा सगळा फंड होता. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. बाबांनी चहा संपवला आणि विचारलं, “उद्या किती वाजता येऊ?”

सकाळी रजिस्ट्री ऑफिसात मी आई-बाबांच्या खुर्च्यांमागे उभी होते. मापांचं पान पर्समध्ये होतं. दस्त नोंदवणाऱ्या साहेबांनी विचारलं तर आपण बोलायचं, असं मी रिक्षात ठरवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

“दस्त वाचला? मजकूर मान्य आहे?” साहेबांनी विचारलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“मान्य हाये जी,” बाबा म्हणाले.

“आणि बाई, तुम्हाला?”

आईने पदर सारखा केला. मी पर्सची चेन अर्धी उघडली होती.

“सही कुठं करू?” आईने विचारलं.

कारकुनाने बोटाने जागा दाखवली. तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग दोघांचे अंगठे झाले, फोटो झाले. साहेबांनी पुढच्या दस्ताचं नाव पुकारलं, मी पर्सची चेन लावली आणि दोघांनी खुर्च्या रिकाम्या केल्या.