डाव्या तळव्याचं काजळ

“गोळी कोन देते थे समदे इचारतात, बापू, लेकरू कोन धरते थे कोनीच नाई इचारत.”

बार्शीटाकळीच्या तानुबाई माळणीने हे सुनावले तेव्हा तिच्या टोपलीत वांगी होती आणि उत्तमरावांच्या वहीत नुसते ‘नाही’. सन अठ्ठावीसचा हिवाळा. तान्ह्या पोरांना निजवायला अफूची गोळी चारण्याची चाल किती आहे, याची चौकशी अकोल्याच्या कचेरीने काढली होती. कारकून उत्तमराव दारोदार विचारीत; बाया पदर ओढून ‘नाई’ म्हणत. आत झोळीतले मूल असे निपचित, की ओठावर माशी बसली तरी ओठ हलू नये.

तानुबाई त्यांना कापूसवेचणीच्या वावरात घेऊन गेली. बांधावर तुरीच्या सावलीत चार लेकरे निजली होती.

“रडलं तर वेचता येत नाई, अन् नाई वेचलं तर चूल पेटत नाई,” वेचणारी मैनाबाई ओटीतला कापूस सावरत म्हणाली. “तुमी धरता काय, भाऊ?”

“त्याइच्या मिशा पाहूनच बोंबलन थे!” तानुबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच पहिला ‘हो’ आला, मग दुसरा. उत्तमराव नावानिशी लिहीत गेले.

परतताना तानुबाई पाटाच्या कडेला बसली. “माही शकुन सात मयन्याची होती. बजाराले जातानी मी गोळी देल्ली. सासूले ठाव नोतं. पोरगी किरकिरली म्हून तिनंबी देल्ली. दोघीइचाबी जीव होता तिच्यावर.”

पाटाचे पाणी वाफ्यात शिरत राहिले.

शकुन गेल्यापासून ती घरोघर भाजी देताना एकच सांगे: जिनं गोळी दिली तिनं लेकराच्या डाव्या तळव्याला काजळ लावायचं. काजळ दिसलं की दुसरीनं हात आखडायचा. मुगाएवढी गोळी असेल तर हळूहळू तिळाएवढी करायची. आणि जमेल तिथे एका म्हातारीनं बांधावर बसून सगळ्यांची पोरं धरायची, म्हणजे गोळीच नको. उत्तमरावांनी तिच्याबरोबर फिरून नऊ गावांत तळवे पाहिले. ते इवले काळे ठिपके त्यांना झोपेतही दिसू लागले.

उत्तमरावांचा अहवाल कचेरीतल्या साहेबांना आवडला. काजळाची हकीकत त्यांनी दोनदा वाचली. मग तानुबाईला कचेरीत बोलावणे गेले.

“बायांची नावं हवीत,” साहेब म्हणाले. “चार जणींवर खटले झाले की बाकीच्या घाबरून सोडतील.”

तानुबाईने उत्तमरावांकडे पाहिले. नावे वहीत आहेत, हे तिला ठाऊक होते. तिच्याच शब्दावर बायांनी ती सांगितली होती. आता एकीला जरी शिपाई न्यायला आला, तर उद्यापासून गोळी चोरून दिली जाईल आणि कोणत्याच तळव्यावर काजळ दिसणार नाही.

“उत्तमराव, वही,” साहेबांनी हात पुढे केला.

उत्तमरावांनी वही पुढे केली. साहेबांनी पाने उलटली. वेळा होत्या, वये होती, कोण कुठे राबते तेही होते. नावांच्या जागी मात्र शाईचे काळे डाग.

“दौत सांडली, साहेब,” उत्तमराव म्हणाले. “आणि मला एकही नाव आठवत नाही.”

साहेबांनी वही मिटून टेबलावर टाकली.

उत्तमरावांचा हात टेबलाच्या काठावर होता. अंगठा आणि दोन बोटे पेरांपर्यंत काळी. तानुबाईने तो हात धरला, लुगड्याच्या पदराने एकेक बोट हळू पुसले, लेकराचे पुसावे तसे. शाई पुरती निघाली नाही. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ती बाहेर पडली.