घाटात मागे आलेली जीप

ती जीप अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्त झाल्यावर कितीतरी खून आणि दरोडे विसरलो, पण जिच्यात कोणाचा जीवही गेला नाही अशी ही केस विसरता आली नाही. त्याचं कारण फारसं अभिमानाचं नाही.

आमचं ठाणं जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेजवळ. हद्दीतल्या एका गावात हौशी मंडळींनी जीपगाड्यांचा मेळावा भरवला. चिखलातून गाडी काढायची, दगडांवरून न्यायची आणि शेवटी चढण चढायची. चढणीसाठी त्यांनी बैलगाडा शर्यतीचा घाट निवडला. सरळ चढती धाव आणि दोन्ही बाजूंना बसायला उंच बांध, सगळं आयतंच होतं. दोरी बांधून प्रेक्षकांना दूर ठेवू, असं आयोजकाने अर्जात लिहिलं होतं. जागा न पाहता तो अर्ज शिफारशीसह मीच पुढे पाठवला होता.

त्या दुपारी एक जीप चढणीच्या मध्यावर अडली, मागे आली आणि घाटात उभ्या असलेल्या एका वयस्क शेतकऱ्याचा पाय मोडला. जीप चालवणारी मुलगी आमच्याच हद्दीतली, गॅरेजात काम करणारी. शेतकऱ्याच्या मुलाने फिर्याद दिली की ब्रेक नव्हते, गाडी भरधाव मागे आली. गुन्हा दाखल झाला आणि आरोपीच्या रकान्यात मुलीचं नाव गेलं.

दोन दिवसांनी टपाल फोडताना तिचंच नाव पुन्हा समोर आलं. लाल बसवर चालक म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर येऊन पडला होता. दोषारोपपत्र गेलं असतं तर नोकरी गेलीच म्हणायची.

मी तिला चौकशीला बोलावलं. सोबत वडील होते, त्यांना बाहेर बसवलं.

"ब्रेक लागले नाहीत ना?"

"लागले की, साहेब. पन चढनीला गाडी अडली की वळवायची न्हाई, उलटती. रिव्हर्स टाकून सरळ मागं यायचं. आमाला तसंच सांगितलं व्हतं."

"मागे पाहिलं नाहीस?"

"आरशात बघितलं, मोकळं व्हतं. मग धूळ उठली. धुळीतनं मानसं दिसली तवा ब्रेक दाबला." मग तिनेच विचारलं, "त्या बाबांचा पाय बरा होईल ना?"

पाठ केल्यासारखं बोलणाऱ्या माणसाचा मला संशय येतो, आणि ती तशीच बोलत होती. खरं सांगायचं तर माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. पण मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आला, त्यात ब्रेक ठणठणीत निघाले. इकडे अकरा साक्षीदारांचे जबाब एकसारखे होते, "आमी दोरीच्या भाईरच व्हतो, साहेब." सगळे बाहेर होते, तर घाटात पाय मोडला कसा?

मग एका सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. बाईंचा आवाज होता, जखमी शेतकऱ्याच्या पत्नीचा.

"साहेब, दोरी आमच्या मानसानंच सोडली. शर्यतीला लई वर्सं तेच दोरी धरत्यात. पोरगा ऐकत न्हाई माजं. पन त्या पोरीच्या तोंडचा घास काढू नका."

मी लगेच दवाखाना गाठला. म्हाताऱ्याने साफ नाकारलं. "मी न्हाई सोडली. देवाशपथ." त्याच्या डोळ्यांत खोटेपणा दिसेना, आणि बाईंच्या आवाजातही तो नव्हता. मी चक्रावून गेलो.

दुसऱ्या दिवशी पंच आणि साक्षीदारांना घाटात नेलं. जो जिथे होता तिथेच त्याला उभं केलं, दोरीचं एक टोक बांधलं आणि दुसरं म्हाताऱ्याच्या जागी एका शिपायाच्या हातात दिलं. हवालदाराला सांगितलं, ठाण्याची जीप घाटातून वर ने आणि मध्यावर थांब. मी बांधावर वही घेऊन उभा राहिलो.

जीप गुरगुरत समोरून गेली. मध्यावर थांबून हवालदाराने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "साहेब! तुमी बी?"

मी खाली पाहिलं. माझे बूट घाटाच्या मातीत होते. आजूबाजूला अकराच्या अकरा साक्षीदार उभे होते. दोरी जमिनीवर पडलेली, आणि ती सोडणारा शिपाई, तोही याच भागातला, स्वतःच्या हाताकडे बघत होता.

आमच्याकडे गाडा समोरून गेला की दोरी सुटते आणि लोक मागून घाटात उतरतात, बैल पुढे कसे पळतात ते बघायला. लहानपणापासून मीही तेच करत आलो. बैल वर गेले की वरूनच बाजूला जातात, धावेत उलटे येत नाहीत. जीप येते.

आयोजकाला विचारलं, दोरी कधी सोडायची हे सांगितलं होतं का? तो म्हणाला, "त्यात सांगायचं काय, साहेब? त्यांना घाट पाठ आहे." नेमकं तेच चुकलं होतं. दोषारोपपत्र त्याच्यावर गेलं. मुलीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल न्यायालयात पाठवला आणि पडताळणीच्या कागदावर सगळी हकीकत लिहिली. जागा न पाहता अर्ज पुढे पाठवल्याची माझी चूकही वरिष्ठांना कळवली. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती.

म्हाताऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "हाताला सवय व्हती, साहेब. पोरीला म्हनावं, माजा राग न्हाई." पुढच्या मेळाव्याला तो काठी टेकत आला आणि दोरी त्यानेच मागून घेतली. जीप वर पोहोचल्याचा हिरवा झेंडा हलेपर्यंत त्याने ती कोणाला सोडू दिली नाही. उतावळ्या पोरांवर असा खेकसत होता की मला हसू आवरेना.

या केसने मला शिकवलं की खोटं बोलणाऱ्याला पकडणं त्या मानाने सोपं असतं. जो सवयीने चुकला, तो शपथेवर स्वतःला खरं वाटतं तेच सांगतो. म्हणून धोक्याची जागा कागदावर बघू नये, तिथे जाऊन उभं राहावं, आणि आपले पाय कुठे जातात तेही बघावं.

परवा नारायणगावच्या स्टँडवर फोनवर बोलत उभा होतो. मागून खणखणीत आवाज आला, "ओ साहेब! गाडी मागं घ्यायचीय, बाजूला व्हा आदी!"

वळून पाहिलं. लाल बसच्या खिडकीतून खाकी गणवेशातली तीच मुलगी डोकावत होती, ओळखीचं हसत. मी निमूटपणे बाजूला झालो. तरी तिने वाहकाला खाली उतरवून मागे उभं केलं, त्याच्या शिट्टीची वाट पाहिली, आणि मगच बस हलली.