सोलरच्या प्लेटांखाली मेंढ्या

कुरकुंभच्या अलीकडे आमच्या शेताला लागून जो माळ आहे, तिथं सोलरचा प्लांट उभा राहिला. त्याच माळावर पूर्वी माझे सासरे मेंढ्या चारायचे. मी त्यांना मामा म्हणते. गुडघे दुखायला लागले, शेतात ऊस आला, तेव्हा त्यांनी कळप विकला आणि मेंढरांचा विषय घरात पुन्हा काढला नाही. माळाला जाळी पडली, गेटवर वॉचमन बसला. आपलं तिथं आता काही काम नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एका सकाळी प्लांटचा सुपरवायझर ओट्यावर येऊन बसला. प्लेटांखाली गवत माजलं होतं. मशिननं कापायला गेलं की खडे उडून काचा फुटायच्या. शेळ्या सोडून पाहिल्या, तर त्या प्लेटांवर चढल्या. मेंढ्या मान खाली घालून खातात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही मेंढ्या आणा, वर महिन्याला पैसेही देऊ, असं तो म्हणाला. मामांनी त्याला दोनदा विचारलं, चराईचे पैसे आम्ही द्यायचे ना? तो दोन्ही वेळा नाही म्हणाला.

तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "त्यो उलटं बोलला, का मलाच ऐकू कमी येतंय?"

मलाही ते उलटंच वाटलं होतं. तरी काष्टीच्या बाजारातून मेंढ्या आणल्या. नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे मेंढ्यांचं मी आणि मामांनीच बघायचं ठरलं.

पहिल्या दिवशी मामा एकटेच आत गेले. दुपार कलली तरी बाहेर आले नाहीत, म्हणून मी भाकरी घेऊन गेले. आत नुसत्या रांगाच रांगा, सगळ्या सारख्या. हाका मारल्या, तर मामांची 'ओ' एकदा डावीकडून आली, एकदा मागून. मेंढ्या सावलीत बसलेल्या, त्याही दिसेनात. थोड्या वेळानं मलाच कळेना की गेट कुठं राहिलं. शेवटी एका खांबाला टेकून बसलेले मामा सापडले. कळप घेऊन घाट उतरून कोकणात जाऊन आलेला हा माणूस, घरापासून हाकेच्या अंतरावर चुकला होता.

"सकाळी ह्या प्लेटांची तोंडं तिकडं व्हती," ते म्हणाले. "आता हिकडं झाल्यात. मी त्यांच्यावर खूण ठिवली व्हती."

प्लेटा उन्हाबरोबर फिरतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. वॉचमननं शिट्टी वाजवली, तिच्या दिशेनं आम्ही बाहेर आलो.

मेंढ्या व्याल्या, कोकरं मोठी झाली, तसा हायवेवरचा एक हॉटेलवाला चकरा मारायला लागला. पूर्वी गिऱ्हाईक बोकडाचंच मटण मागायचं, मेंढीचं म्हटलं की नाक मुरडायचं. आता पुण्याच्या गाड्या थांबतात आणि कोवळं कोकरू आहे का, असं आधी विचारतात, असं तो सांगायचा. प्लेटांखाली चरणाऱ्या मेंढ्यांचा फोटोही त्यानं काढून नेला, हॉटेलात लावायला. त्या फोटोनं मटणाला काय चव येणार, ते मला उमगलं नाही. तो आणखी कोकरं मागत होता. तेवढ्यात शिरूरकडच्या दुसऱ्या प्लांटचाही निरोप आला. नवरा एका शिफ्टहून आला की नोकरी सोडतो म्हणायचा, पुढच्या शिफ्टहून आला की सोडत नाही म्हणायचा.

टेम्पो कोकरं घेऊन गेला, त्या दिवशी मेंढ्या जाळीशी उभ्या राहून ओरडत होत्या. मामा त्यांच्याजवळच होते. शिरूरचं काम घ्यायचं का, असं मी त्यांना विचारलं.

त्यांनी एका मेंढीला जाळीपासून मागं ओढलं. मग म्हणाले, "पोरी, आपून परत मेंढकं झालो, का कंपनीत लागलो? तेवढं सांग, मंग मी सांगतो."

आता शिरूरकडंही आमच्या मेंढ्या आहेत आणि नवऱ्याची नोकरीही चालू आहे. त्या प्लांटला होकार कुणी कळवला, हे मात्र घरात अजून नक्की होत नाही. मला वाटतं नवऱ्यानं कळवला. तो म्हणतो मामांनी, आणि मामा माझ्याकडं बघतात.