डिंकाने चिकटवलेली पाकळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी विरारला फुलपाड्यात राहतो, ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात कुणी ‘योगायोग’ म्हटलं की विचारतो — शक्यता किती? आकडा सांग. अशा माणसाचा देवाच्या कौलावर कसला विश्वास!

आमची वाडी भुईगावला. दादा-वहिनी तिथेच असतात. गेल्या वर्षी दादाच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, “पित्त आहे रे. देवीला विचारू. उजवा दिला तर आजच जाऊ, डावा दिला तर पंधरा दिवसांनी.”

वहिनी वैतागल्या. “देवीनं काय दवाखाना उघडलाय?”

आमच्या घरच्या देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चाफ्याची एकेक ओली पाकळी लावायची. जी आधी पडेल तो कौल. दादाचे हात थरथरत होते, म्हणून पाकळ्या मी लावल्या.

आता खरं सांगतो... दुसऱ्या दिवशी आमची केरळची ट्रिप होती. दादा ॲडमिट झाला असता तर मलाच थांबावं लागलं असतं. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लेबलं लावायचा डिंक बॅगेत होता. उजवी पाकळी मी डिंकाने चिकटवली. डावी नुसत्या पाण्याने.

दादा हात जोडून बसला. दोन मिनिटं झाली असतील-नसतील — उजवी पडली! डावी संध्याकाळी मी परत आलो तरी तशीच.

“चला मास्तर, रिक्षा बोलवा,” दादा म्हणाला.

वसईच्या डॉक्टरांनी लगेच ॲडमिट केलं. पंधरा दिवसांनी आणलं असतं तर, असं मी विचारलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “पंधरा दिवस? दोन दिवसही निघाले नसते.”

दादा हॉस्पिटलात असताना मी एकटाच देवीपुढे बसलो. तोच डिंक, तोच चाफा, तोच पाषाण. पंखा लावून पाहिला, डिंक ओला ठेवून पाहिला. वीस वेळा लावलं. वीसही वेळा पाण्याची पाकळी आधी पडली.

म्हणजे निव्वळ योगायोग म्हणणं अवघड आहे. पण योगायोग पटत नाही म्हणून दुसरं काही आपोआप सिद्ध होत नाही — हेही मीच शिकवतो.

दादा पुन्हा केळीला पाणी सोडतो, वहिनींचा ओरडा खातो. ते पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात... कुणापुढे, ते ठाऊक नाही. येईल-जाईल त्याला दादा सांगतो, “देवीनं कौल दिला, पण पाकळ्या माझ्या भावानं लावल्या हो!”

डिंकाचं त्याला अजून सांगितलेलं नाही. ते सांगणं माझ्यावर बाकी आहे.