सरोजाआत्या शंभरपर्यंत मोजतात

सरोजाआत्या मुद्दाम हरल्या की खरोखरच हरल्या, हे नंदिताच्या डोक्यातून जाईना. पोंगल संपला, ती तंजावरला परतून बँकेत रुजूही झाली, तरी तेच.

आत्या तिच्या नवऱ्याच्या, गणेशकुमारच्या. पापनाशमला बत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही; भाचरांची पोरं हाच संसार. पोंगलच्या सुट्टीत सगळे त्यांच्याकडे जमत. दारातच मोबाईल काढून घ्यायच्या आणि पल्लांगुळीची फळी मांडायच्या. चौदा खळगे, एकेकात चिंचोके पेरत जायचं. कुठल्या खळग्यात किती आहेत, हे आत्या पाठमोऱ्या बसूनही सांगत.

घरची रीत अशी, की भोगीच्या दिवशी पहिला डाव थोरल्यानं धाकट्याला जिंकू द्यायचा आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. म्हणून यंदा आत्या मूठ मिटून नुसत्याच बसल्या, मग उलट्या दिशेनं पेरू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना डोळे मारले. नंदिताची आठ वर्षांची हरिता जिंकली.

“आत्या, नाटकात जायला हवं होतंस तू,” गणेशकुमार म्हणाला.

आत्या हसल्या, पण जरा उशिरानं. फळीकडे त्या अशा बघत होत्या, जणू ती दुसऱ्या कुणाच्या घरची होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी लपंडाव. राज्य आत्यांवर. खांबाला कपाळ टेकून त्यांनी खणखणीत शंभर म्हटले, मराठीत, पूर्वजांच्या भाषेत. पोरांना तेवढंच मराठी त्यांच्याकडून पाठ झालेलं. नंदितानं स्वयंपाकघरातून ते ऐकलं. पुढं मात्र काहीच ऐकू येईना. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, तर आत्या झोपाळ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. माडीवरून, गोठ्यामागून कंटाळलेली पोरं एकेक करून बाहेर आली. हरिता आलीच नाही.

ती परसातल्या लाकडांच्या खोलीत सापडली. दाराला बाहेरून कडी होती. हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता.

“आज्जीनं कोंडूनच आउट केलं,” दुसऱ्या भाच्याचा अकरा वर्षांचा साईराम म्हणाला. “शोधायचं कामच नाही.” हसता हसता सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्यांनी नंदिताला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, “मी खेळत होते का गं?”

त्याच संध्याकाळी नंदितानं गणेशकुमारला सांगून पाहिलं. “अगं, चेष्टा केली तिनं,” तो म्हणाला. “अर्ध्या तालुक्याला पाढे शिकवलेत तिनं. आणि आता पोरीला उचलून नेलंस तर तिला काय वाटेल?” शाळेला आणखी तीन दिवस सुट्टी होती. हरितालाही राहायचंच होतं. नंदितानं विषय सोडला. बाकीची मंडळी बसनं आपापल्या गावी गेली. हरिता आणि साईराम मागं राहिले.

आज जेवणाच्या सुट्टीत हरिताचा फोन आला.

“अम्मा, आज लपंडाव कालव्याकाठी. नारळीच्या बागेत. आज्जी म्हणाली, घरात मजा नाही.”

“कोण कोण आहात?”

“मी नि साईराम. चार वाजता जाणार. राज्य आज्जीवर. अम्मा, पाण्याजवळ ते पंपाच्या मोटारीचं छप्पर आहे ना, तिथं लपले तर कुणाला दिसतच नाही.”

धरणातून सुटणारं पाणी बंद व्हायला अजून दहा-बारा दिवस होते. कालवा काठोकाठ वाहत असणार. आणि आत्या खांबाऐवजी नारळाला कपाळ टेकून शंभर म्हणतील, वळतील, वाटेतलं सरपण गोळा करत सावकाश घरी येतील.

घड्याळात दीड वाजला होता. गणेशकुमारला सांगावं, तर तो पुन्हा हसेल. शेजारच्यांना सांगावं, तर आत्यांची गोष्ट गावभर होईल. नंदितानं डबा तसाच झाकला, मॅनेजरला उरलेल्या दिवसाची रजा सांगितली आणि बसस्टँडच्या वाटेला लागली. पण बसला तासभर लागणार, आणि आत्यांना चारची वेळ आठवेलच असं नव्हतं. त्याआधी बोलायला हवं होतं, आणि ते आत्यांशीच, सरळ, न लपवता. आत्या दुखावतील, कदाचित पुन्हा बोलणार नाहीत. तिनं फोन काढला आणि आत्यांचा नंबर शोधला.