शिवगंगेच्या माथ्यावरची कॉफी

भूतखेत, करणी, चकवा... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाणारा माणूस. सगळी नोकरी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात गेली, तीही प्लॅनिंग खात्यात. जे मोजता येत नाही ते नाही, एवढं माझं तत्त्वज्ञान. तेव्हा हा अनुभव वाचून कोणी मला हसलं तर मी रागावणार नाही. मी दुसऱ्याच एका गोष्टीवर रागावलेलो आहे आणि तो राग साठ-एकसष्ट सालापासून आहे.

तेव्हा वसंता माझा जिवलग मित्र होता. मूळचा बेळगावचा, कारखान्यात इन्स्पेक्शनला, चामराजपेटमध्ये अंबक्कांच्या खानावळीत राहायचा. माझी धाकटी बहीण सुशीला सांगलीला होती. चोविसावं लागलं होतं, दोन स्थळं चहा-पोहे खाऊन नकार कळवून गेली होती, आणि आईची पत्रं वाचवत नव्हती. वसंताने तिचा फोटो माझ्या खोलीवर पाहिला आणि आपण होऊन विषय काढला.

"माध्या, तुझ्या बहिणीला दाखवायला-बिखवायला बसवू नको रे. साडी नेसून खाली मान घालून... कशाला ते? इथं बोलाव की. आपण तिघं डोंगरावर जाऊ, मोकळेपणानं बोलू. माझा होकार मी शिखरावर देतो, मग तू घरी पत्र टाक."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं! असा मित्र कोणाला मिळतो?

डोंगर ठरला शिवगंगे. फार मोठा नाही, एका दिवसात होणारा. सकाळची तुमकूरची पॅसेंजर, निडवंद्याला उतरायचं, तिथून चालत पायथा, साडेअकराला माथा, संध्याकाळच्या गाडीने परत. मी कारखान्यात जॉबचा कागद करतो तसा सहलीचाही कागद केला — काम, कोणी करायचं, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात काम झाल्याची सही. पोळ्या-बटाट्याची भाजी सुशी. तिकिटं मी. कॉफीचा फ्लास्क वसंता. फ्लास्क माझाच होता, एका बाजूला चेमटलेला, गळ्याला लाल दोरी बांधलेला. अंबक्कांची कॉफी फक्कड, म्हणून शुक्रवारी कँटीनमध्ये तो त्याच्याकडे दिला.

"आत्ताच सही करून टाक," मी चेष्टेत म्हटलं.

त्याने वरच्या खिशातली निळी पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "काम झाल्याशिवाय इन्स्पेक्टर सही करत नसतो." आणि हसला. ते हसणं मला आजही दिसतं.

शनिवारी मी रजा काढून सुशीला स्टेशनवर उतरवून घेतलं. तिने नवीन कॅनव्हासचे बूट घेतले होते, तेही आईपासून लपवून. रविवारी पहाटे आम्ही दोघं फलाटावर उभे. वसंताचा पत्ता नाही. गाडी हलायला लागली तरी मी दारात लोंबकळून गेटकडे बघत होतो. सुशी डबा मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.

"पुढच्या गाडीने येईल," मी म्हटलं. तिच्यासमोर दुसरं काय म्हणणार?

खरं तर निडवंद्यालाच परत फिरावं असं मनात आलं होतं. पण तीच म्हणाली, "आलोय तर जाऊ या, दादा. डोंगराने काय केलंय?"

शिवगंगेच्या वाटेवर ओळकल तीर्थ म्हणून एक जागा आहे. कपारीत खडकाला भोक आहे, त्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. ज्याचं मन साफ त्याच्या बोटांना आत पाणी लागतं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. सुशीच्या हाताला लगेच लागलं. मी पालथा पडून हात घातला, पण कोरडाच. मनात वसंताला शिव्या चालू होत्या, कुठून लागणार पाणी!

वरच्या टप्प्यात खडकात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आणि बाजूला लोखंडी कठडा. त्या पायऱ्यांच्या सुरुवातीला एक ताकवाला बसला होता. तिथे माझ्या पोटरीत गोळा आला. सुशीला म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच. ती कागद आणि डब्याची पिशवी घेऊन गेली. मला ती पायऱ्यांच्या वळणापर्यंत दिसत होती. पंधरा मिनिटं — फार तर वीस — मी पाय चोळत तिथे बसलो. मग चढलो. वाटेत माकडांशिवाय कोणी भेटलं नाही. ती वाट एकच आहे, हे लक्षात ठेवा.

माथ्यावर नंदीपाशी सुशी बसली होती. हातात कप. शेजारी फ्लास्क. चेमटलेला, लाल दोरीचा... माझा.

"कुठे आहे तो हरामखोर?" मी आनंदाने ओरडलो. खरंच आनंदाने! मला वाटलं, लवकरच्या बसने येऊन आमची गंमत केली याने.

"गेले," ती म्हणाली. "तुला दिसले नाहीत? त्याच वाटेने खाली गेले असणार. मी कप तोंडाला लावला, वर बघते तर नव्हते."

मग तिने सगळं सांगितलं, सावकाश. ती वर आली तेव्हा तो बसलेलाच होता. मी पत्रातून पाठवलेल्या फोटोतला म्हणून तिने ओळखलं. उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यावर अवलंबून राहू नका. घरच्यांनी दुसरीकडे ठरवलं आहे आणि त्यांना नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही. हे तुम्हाला समोर येऊन सांगायला हवं होतं, म्हणून आलो." मग तिला कॉफी ओतून दिली, कागद मागून घेतला, त्यावर काही खरडलं आणि परत दिला.

मी कागद पाहिला. 'कॉफीचा फ्लास्क — माथा — साडेअकरा' आणि शेवटच्या रकान्यात निळ्या पेन्सिलीने त्याची सही, खाली नेहमीसारखी दुहेरी रेघ. मी त्या पायऱ्या अक्षरशः धडपडत उतरलो, त्याच्या नावाने हाका मारत. ताकवाल्याला विचारलं. त्याने दोन बोटं वर केली. "नीव् इब्बरे." तुम्ही दोघंच.

त्या संध्याकाळी सुशीला खोलीवर सोडून मी तडक चामराजपेटला गेलो. त्याचा गळाच धरायचा होता.

"वसंतअण्णा?" अंबक्का म्हणाल्या. "ते काल दुपारच्या गाडीनं बेळगावला गेले नव्हं का! आज त्यांचा साखरपुडा... तुम्हाला सांगितलं नाही? अय्यो, स्वल्प बसा तरी."

मी उभाच राहिलो. फ्लास्क पुढे केला. "हा कोणी नेला?"

"तुम्हीच की! वसंतअण्णा सांगून गेले, माधवअण्णा स्टेशनला जाताना घेऊन जातील, पहाटे भरून ठेवा. मी भरून खिडकीत ठेवला. नंतर बघते तर नाही. म्हटलं, सरी, ठीक आहे, तुम्ही नेलात."

मी नेला नव्हता. मला तसा निरोपच नव्हता. आणि पहाटेपासून सुशी एक क्षणही माझ्या नजरेआड झाली नव्हती, ती शेवटची वीस मिनिटं सोडली तर.

वसंता बुधवारी कामावर आला. कुंदा घेऊन आला होता, सगळ्या खात्याला वाटायला! मी त्याला स्टोअरच्या मागे नेलं आणि कागद हातात दिला. तो वाचता वाचता पांढराफटक पडला, खोक्यावर बसला.

"सही माझीच आहे," म्हणाला. "पण मी... रविवारी साडेअकराला मी पाटावर होतो रे. चाळीस माणसं होती समोर. भटजी काय म्हणत होते ऐकूच येत नव्हतं. मनातल्या मनात सारखा तुझ्या बहिणीशी बोलत होतो. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं..."

"आणि माझ्याशी?"

त्याने कागदाची घडी घालून ती माझ्या हातात परत ठेवली. 

त्यानंतर आमचं बोलणं संपलं. सहा महिन्यांनी त्याने बदली मागून घेतली. कुठे आहे, आहे की नाही, मी कधी चौकशी केली नाही.

सुशीचं पुढे चांगलं झालं. हुबळीला दिली, नवरा भला निघाला. एकदा माहेरपणाला आली असताना मी वसंताचा विषय काढून तोंडसुख घेत होतो, तर तिने मला थांबवलं. "मला नाही फसवलं त्यांनी, दादा. मला सांगून गेले." ती सहज बोलली, पण मला ते वर्मी लागलं. खरंच की. ज्या मुलीला त्याने फोटोपलीकडे कधी पाहिलंही नव्हतं, तिच्यासाठी तो — जो कोणी होता तो — बेळगावहून डोंगराच्या माथ्यावर आला. खडकात हात घालून आला, आणि त्याच्या हाताला पाणीसुद्धा लागलं! आणि मी, त्याचा सात वर्षांचा मित्र, त्याच पायऱ्यांच्या खाली पाय चोळत बसलो होतो.

फ्लास्क कधीच फुटला. कागद आहे, निळी सही अजून स्पष्ट आहे. तो माणूस कोण होता, कसा आला, कुठून उतरला, हे मला सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता त्याची उत्सुकताही उरलेली नाही. मला एवढंच कळत नाही की एवढ्या लांब आलाच होता, तर वीस मिनिटं थांबायला त्याला काय झालं होतं?