वैजनाथच्या नावाचं पान

शेषेराव बोळंगे यांनी तीस वर्षं लातूर डेपोत कंडक्टरकी केली. त्यातली अकरा वर्षं लातूर-नांदेड गाडीवर. आज वय त्र्याहत्तर, पण आमच्या गल्लीत अजून कुणी त्यांना नावानं हाक मारत नाही, 'कंडक्टर'च म्हणतात. कुठल्या गावात कोणाची सोयरीक, कोणाचं आजोळ, हे त्यांना विचारावं. दुसऱ्यांची नाती अशी तोंडपाठ असलेला हा माणूस स्वतःच्या घराण्यापाशी अडला.

झालं असं की रेणापूरच्या शेताची भावाभावांत वाटणी करायची होती. त्यासाठी वंशावळ लागत होती. शेषेरावांनी कागदावर रेघा ओढल्या. खाली आपण, वर वडील, त्यांच्या वर आजोबा वैजनाथ, सगळ्यांत वर पंजोबा रामलिंग. रामलिंगच्या पुढं 'मयत' लिहून साल टाकायचं होतं.

"टाका अंदाजे," तहसीलबाहेरचा टायपिस्ट म्हणाला. "सव्वाशे वर्षांमागचं कोण बघतंय?"

"आरं, मेल्याचंच आम्हाला ठावं न्हाई. मयत कसं लिहू?"

घरात एवढंच माहीत होतं: निजामाच्या राज्यात रेल्वेचा रूळ पडत होता, दुष्काळ होता, आणि दगडकामात हात बसलेला रामलिंग गोदावरीच्या पुलाच्या कामावर गेला. पाच वर्षांच्या वैजनाथला दारात उभं करून गेला, तो आलाच नाही. पंजी तुळजाबाई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. वैजनाथ आजोबा जन्मात आगगाडीत बसले नाहीत. शेषेराव लहान असताना त्यांना घेऊन परळीला जायचे ते बैलगाडीनं. वाटेत रुळाचं फाटक लागलं की आजोबा तोंड फिरवून बसायचे. 

टायपिस्टनं अखेर काहीतरी साल टाकलं आणि काम निभावलं. शेषेरावांच्या मनातून ते जाईना. "खोटं लिवलं," असं ते साखराबाईंना, म्हणजे बायकोला, दोन-चारदा म्हणाले.

माघात भाचीच्या पोरीचं, शिवांगीचं लग्न धर्माबादला निघालं. सगळे मांडवात असताना शेषेराव बाजारातून एक चक्कर मारायला निघाले. मिरचीच्या खकाण्यानं शिंका येत होत्या. एका आडत दुकानाच्या पाटीवर त्यांची नजर थबकली: 'वीरण्णा रेणापुरे'.

गाव सोडून दूर गेलेल्यालाच गावाचं नाव लागतं, हे कंडक्टरला कुणी सांगायला नको. ते सरळ आत शिरले.

"तुमचं मूळ रेणापूरचं का हो?"

गादीवरचे वीरण्णा साठीचे. मराठी बोलताना मधूनच तेलुगू यायचं. "हाव. म्हणजे आमचा मुत्तात, पंजोबा, तिकडचा होता म्हणतात. पुलाच्या कामावर आलेला. कशाला विचारून राहिले?"

"नाव काय त्यांचं?"

"रामलिंग."

शेषेराव मिरचीच्या पोत्यावरच बसले. वीरण्णांना वाटलं ऊन लागलं. पाणी पाजलं, आणि सगळं ऐकल्यावर दुकान नोकरावर सोडून त्यांना घरी आईकडं घेऊन गेले.

शरणम्मा पंच्याऐंशीच्या. ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. रामलिंगला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण सासऱ्यांनी आपल्या बापाविषयी, म्हणजे रामलिंगविषयी, सांगितलेलं त्यांना सगळं आठवत होतं.

"पुलाचं काम झाल्यावर गेला होता की गावाला. घराला कडी. गल्लीत चिटपाखरू न्हाई. देवळातला गुरव म्हणला, पटकीनं सगळे गेले. मग आला परत. लई वर्षांनी दुसरं लगीन केलं. पण पेत्रामासेला, म्हणजे तुमची सर्वपित्री, दोन पानं जास्तीची मांडायचा. एक बायकोचं, एक लेकराचं. आम्ही अजून मांडतो. लेकराच्या पानावर दूधभात."

"लेकराचं नाव?" शेषेरावांनी विचारलं.

"वैजनाथ. पाच वर्षांचा गेला बिचारा."

"न्हाई गेला, काकू," शेषेराव म्हणाले. "पंजी त्याला घेऊन माहेरी गेली होती, किल्लारीला. तीन वर्षांनी दोघं परत आले, तवर तो गुरवही राहिला नसंल. वैजनाथ माझा आजा. एक्काहत्तर वर्षांचा होऊन गेला. खांद्यावर बसवून त्यानं मला जत्रा दाखवली."

शरणम्मांच्या हातातली चिंच तशीच राहिली. मग पदर डोळ्यांना लावून त्या रडल्या; आणि रडता रडता म्हणाल्या, "अय्यो, मिशा होत्या का रे त्याला?"

"ह्या एवढ्या!"

रामलिंग वारला तो दिवस, शरणम्मांनी सांगितलं, नागपंचमीच्या आदला. रझाकारांच्या धामधुमीच्या दोन वर्षं आधी. शेषेरावांनी मनात हिशेब केला. तेव्हा वैजनाथ आजोबा बावन्न वर्षांचे होते. मुलगा रेणापुरात, बाप धर्माबादेत, मध्ये एका दिवसाची वाट, आणि दोघेही जिवंत. कितीतरी वर्षं. मला हे सांगताना ते म्हणाले, "अकरा वर्षं नांदेडच्या स्टँडवर चहा पिला मी. धर्माबादची गाडी शेजारीच लागायची."

भाद्रपदात वीरण्णांचा फोन आला, अमावस्येला याच म्हणून. शेषेराव आणि साखराबाई गेले. स्वयंपाकघरातून शरणम्मांनी विचारलं, "आता त्याला दूधभात कसा वाढू? काय आवडायचं?"

"ज्वारीची भाकर अन् तेलात परतलेला ठेचा. दुधाला तर शिवायचा न्हाई."

साखराबाईंनी भाकरी थापल्या, शरणम्मांनी ठेचा कुटला. वैजनाथच्या पानावर भाकरी पडली. शेजारी रामलिंगचं पान, पलीकडं तुळजाबाईचं. तुळजाबाईचं नाव त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. 'रेणापूरची' एवढंच म्हणायचे. शेषेरावांनी ते तीनदा मोठ्यानं सांगितलं, वीरण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलं.

नवी वंशावळ आता एका कागदावर मावत नाही. कॅलेंडरची तीन पानं उलटी करून खळीनं चिकटवली आहेत. त्यात शेषेराव बायकांचीही नावं भरतायत. परवा मला म्हणाले, "शरणम्माचं माहेर देगलूरकडचं निघालं. दिवाळी झाली की जाऊन येतो."